कवातात्या आणि कारखान्याचा लॅपटॉप

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत वैज्ञानिक दृष्टीचा पाया ज्यांनी घातला, त्यांत कवातात्यांचे नाव पहिल्या ओळीत घ्यावे लागेल. स्वतः तात्या दर शनिवारी दुकानाच्या चौकटीला लिंबू-मिरची बांधत. मी एकदा त्यावरून त्यांना छेडले, तर म्हणाले, "बांधतोय तवापस्नं दुकानात एकदाबी शॉर्टसर्किट न्हाय. चाललंय त्यात बदल कशाला करायचा?" या युक्तिवादात चूक आहे हे मला तेव्हाही कळत होते. ती नेमकी कुठे आहे, हे अजून सांगता आलेले नाही.

बारामतीच्या एसटी स्टँडामागे त्यांचे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. मूळ गाव अंथुर्णे, घराण्याचा धंदा मेंढरांचा. वडिलांनी कळप विकून जमीन घेतली आणि तात्या सातवीनंतर सोल्डरिंगकडे वळले. खरे नाव दुकानाच्या पाटीवर होते, पण पाटी कोणी वाचत नसे. गिऱ्हाईकाने यंत्र काउंटरवर ठेवले की तात्यांचा पहिला, आणि बराच वेळ एकमेव, प्रश्न असे: "कवापस्नं?" कधीपासून बिघडले, त्याच्या आदल्या दिवशी काय झाले, घरात नवे काय आले, जुने काय गेले, याचा उलगडा झाल्याशिवाय ते स्क्रू-ड्रायव्हरला हात लावत नसत. म्हणून कवातात्या.

"मेंढरू हारवलं की आमचा बा रानभर पळत सुटायचा न्हाय," ते सांगत. "शेवटचं कुठं दिसलं हुतं, तितं जाऊन बसायचा. बिडी वढायचा. मग उठायचा, ते थेट मेंढराकडंच."

मोरगावचा एक गृहस्थ बिघडलेला रेडिओ घेऊन आला, तेव्हा मी दुकानात बसलो होतो.

"कवापस्नं गप हाय?"

"पंधरा दिस झालं, तात्या."

"पंधरा दिसामागं घरात काय नवं आलं?"

"काय न्हाय. येक शेळी आणली बाजारातनं."

"बांधता कुठं?"

"वसरीला. रेडूच्या खालीच."

तात्यांनी दुकानातली एरियलची वायर त्या रेडिओला जोडली. रेडिओ बाजारभाव सांगू लागला. "रेडू बरा हाय," तात्या म्हणाले. "घरची वायर बदला, आन् शेळी सरकवा. खाल्ली आसंल तिनं." पैसे पडले नाहीत याचा त्या गृहस्थाला फारसा आनंद झालेला दिसला नाही. मोरगावाहून मांडीवर घेऊन आणलेली वस्तू तात्यांनी निदान उघडून तरी बघावी, अशी त्याची अपेक्षा असावी.

यंत्राला दोष देणे तात्यांना मुळीच आवडत नसे. "मशीन खोटं बोलत न्हाय," ते म्हणत. "त्याला आजून कुणी शिकवलं न्हाय." नव्वदच्या दशकात त्यांच्या माडीवर संगणकाचा क्लास निघाला, तेव्हा याच विश्वासावर ते त्यात शिरले. क्लासचे मॉनिटर ते दुरुस्त करत आणि बदल्यात दुपारी एक संगणक त्यांना मिळे. इंग्रजी जेमतेम अक्षरओळखीपुरते. पडद्यावर एखादा संदेश आला की शिलालेख उतरवून घ्यावा तसे एकेक अक्षर ते वहीत घेत, क्लासच्या सरांकडून खाली मराठीत अर्थ लिहून घेत आणि त्याखाली स्वतःचा शेरा मारत. एका संदेशाखाली होते, "हे आले तर घाबरू नये." दुसऱ्याखाली, "हे आले तर घाबरावे."

माझा आणि त्यांचा खरा संबंध आला तो घाबरावे या सदरात.

मी तेव्हा इंदापूरकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात शेतकी विभागाचा कारकून होतो. काम एकच. कोणी किती ऊस कोणत्या तारखेला लावला याची नोंद ठेवायची. लावणीच्या तारखेप्रमाणे तोडणीची यादी लागते; आधी लावला त्याचा आधी तुटतो. निदान कागदावर तसा नियम होता. प्रत्यक्षात ज्याच्या मागे चार माणसे बोलणारी असत त्याचा आधी तुटे, आणि बाकीच्यांचा उन्हाळ्यापर्यंत रानात उभा राहून वाळे.

त्या वर्षी कारखान्याने लॅपटॉप घेतला. त्यासाठी संगणक समिती नेमली आणि आप्पासाहेब नावाचे संचालक तिचे अध्यक्ष झाले. लॅपटॉप काचेच्या कपाटात राहायचा. यादी भरण्यासाठी मला तो रोज चार तास मिळे, बाकीचा वेळ पाहुण्यांना दाखवण्यासाठी राखून ठेवला होता. चाळीस गावांच्या नोंदी मी तीन महिने खपून त्यात भरल्या. यादी एका फ्लॉपीत मावेना, म्हणून जास्त फ्लॉप्यांसाठी अर्ज केला. तो समितीपुढे विचारार्थ होता.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. कारखान्याच्या बॉयलरची, वजनकाट्याची आणि लॅपटॉपची, त्याच्या सगळ्या सामानासकट. आप्पासाहेबांनी भाषण केले, कागदाचे युग संपले असे जाहीर केले, आणि टाळ्यांच्या गजरात नोंदणीच्या सगळ्या चिठ्ठ्या पोत्यांसकट बॉयलरच्या पहिल्या आगीत टाकल्या. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, पुण्याहून आलेल्या इंजिनिअरने लॅपटॉपमधली पंच्याण्णवची विंडोज काढून तिथे अठ्ठ्याण्णवची बसवली, पेढा खाल्ला आणि तो परत गेला.

तिसऱ्या दिवसापासून लॅपटॉप मान टाकू लागला. सुरू व्हायचा, विंडोजचे ढग दाखवायचा, मग पडदा निळा पडून पांढरी इंग्रजी अक्षरे यायची आणि सगळे ठप्प. फोनवर इंजिनिअर म्हणाला, "उद्या येऊन फॉरमॅट करतो. आतलं सगळं पुसलं जाईल, पण मशीन नव्यासारखं होईल."

मी घाईघाईने आप्पासाहेबांकडे गेलो. "साहेब, आत यादी आहे. दुसरीकडे कुठेच नाही. शेतकऱ्यांकडच्या पावत्या गोळा करायच्या म्हटल्या तर निम्मा हंगाम जाईल."

आप्पासाहेबांनी सुपारी कातरत सगळे शांतपणे ऐकून घेतले. "यादी गेली तर गेली, भाऊसाहेब. एवढं काय मनाला लावून घेता? हंगाम काय थांबतोय व्हय? चार जाणती माणसं बसू, आन् कुणाचा ऊस आधी तोडायचा ते ठरवू."

ती चार जाणती माणसे कोण, हे मला ठाऊक होते. त्यांचा स्वतःचा ऊसही ठाऊक होता. इंजिनिअर दुसऱ्या दिवशी अकराच्या गाडीने येणार होता. मी लॅपटॉप, त्याची बॅग आणि बॅगेतले सगळे चंबूगबाळे उचलले आणि सकाळच्या पहिल्या एसटीने बारामती गाठली.

तात्यांनी लॅपटॉपवर तळहात ठेवला, ताप बघावा तसा. "कवापस्नं?"

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"दसऱ्याला काय केलं?"

"नवी विंडोज टाकली. सीडीवरून."

"टाकताना मशीन काय बोललं?"

मला आठवले. "मधेमधे म्हणत होतं, फाईल वाचता येत नाही. इंजिनिअरनं 'सोडून पुढं जा' दाबलं."

"किती येळा?"

"सहा-सात वेळा."

तात्यांनी माझ्याकडे पाहिले. "सात येळा ते बिचारं सांगतंय, मला दिसंना. आन् ह्यो म्हणतोय, चल म्होरं. मग ते पडणार न्हाय तर काय? ती सीडी हाय का?"

बॅगेत होती. तात्यांनी ती पाकिटातून काढली, दाराशी जाऊन उन्हात धरली आणि मला जवळ बोलावले.

सीडीच्या चकचकीत बाजूवर हळद-कुंकवाचे ठसठशीत स्वस्तिक होते. वर अक्षतांचे दोन दाणे चिकटलेले.

"पूजा कुणी केली?"

"आप्पासाहेबांनी. जोडीनं."

"चकाकतं ते त्वांड आसंल, आसं वाटलं आसणार," तात्या म्हणाले. "त्यांची चूक न्हाय. मलाबी पयल्यांदा तसंच वाटलं हुतं. पर मी मशीनला वाचायला दिली, नैवेद्याला न्हाय."

मला हसू आले, पण त्यांनी हसू दिले नाही. "आधी यादी भाईर काढू. सीडीचं मग." त्यांनी फ्लॉपी घालून लॅपटॉप काळ्या पडद्यावर सुरू केला, वही उघडली आणि एकेक अक्षर पाहून आज्ञा दिल्या. यादीचे तीन तुकडे करून तीन फ्लॉप्यांवर उतरवले, आणि माडीवरच्या क्लासच्या संगणकावर ते जोडून उघडले.

"पयलं नाव वाचा."

"कोंडाबाई, वरकुटे. लावण गेल्या वर्षीच्या जुलैचा पहिला आठवडा."

"हिच्या मागं सांगणारं कोण हाय का?"

"कोणी नाही. एकटीच आहे. गेल्या वर्षी तिचा मार्चमध्ये तुटला."

"बरं. आता शेवटलं."

मी खाली गेलो आणि एक लांबलचक नाव वाचले. "अंथुर्णे. लावण यंदाच्या फेब्रुवारीअखेर. एक एकर."

"बराबर हाय," तात्या म्हणाले. "फेब्रुवारीतच लावला मी."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. पाटीवरचे नाव मीही कधी वाचले नव्हते. "तात्या, यादी बुडाली असती तर तुमचा नंबर वर लावता आला असता. आप्पासाहेबांचा लॅपटॉप दुरुस्त करून दिलात, एवढं तरी त्यांनी नक्की केलं असतं."

"केलं आसतं की," ते म्हणाले. "तुमी चहा सांगा."

मग त्यांनी ओल्या मऊ फडक्याने सीडी पुसली. गोल नाही, मधून बाहेर, मधून बाहेर, लेकराचे तोंड पुसावे तशी. सीडी जिथे बसते त्या खणातली भिंगाची जागा कानात घालायच्या कापसाने साफ केली. पुन्हा सगळे पहिल्यापासून बसवले. या वेळी लॅपटॉपने एकदाही तक्रार केली नाही. ढग आले, आणि ढगांनंतर जे यायला हवे ते आले. शेवटी तात्यांनी सीडीच्या छापील बाजूवर जाड पेनाने मराठीत लिहिले, "पूजा हितं."

निघताना म्हणाले, "आप्पासायबाला कुंकवाचं बोलू नका. बाई बरूबर हुती पूजेला, तिला वाईट वाटंल. धूळ हुती म्हना."

मी धूळ होती असे सांगितले. आप्पासाहेबांनी त्याच आठवड्यात संगणक कक्षाला दुहेरी पडदे, दारात पायपुसणी आणि "धूळ हा संगणकाचा शत्रू" अशी पाटी लावून घेतली. यादीच्या तीन फ्लॉप्या मी शेतकी अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवल्या, आणि तिची छापील प्रत कारखान्याच्या फाटकावर चिकटवली. चाळीस गावांनी ती वाचल्यावर चार जाणत्या माणसांना बसायला जागा उरली नाही.

तात्या जाऊन आता बरीच वर्षे झाली. दुकानाच्या जागी मोबाइलचे दुकान आहे. तिथल्या माणसाला बिघाड सांगायला लागलो, तर तो पहिल्यांदा नवीन घ्या म्हणतो. मी मात्र अजून घरात कोणी आजारी पडले, कोणाचे भांडण झाले किंवा मोटार पाणी ओढेना, की आधी तात्यांचा प्रश्न विचारतो. बहुतेक वेळा उत्तर त्यातच निघते. घरची माणसे त्याला कंटाळली आहेत.

यादीने त्या एका हंगामात काय केले, हे सहकाराच्या इतिहासात लिहून ठेवण्याजोगे आहे. कोंडाबाईचा ऊस पहिल्या दिवशी तुटला. आप्पासाहेबांचा त्यांच्या नंबराप्रमाणे जानेवारीत. तात्यांचा तुटला एप्रिलच्या अखेरीस, कारखाना बंद व्हायच्या आदल्या दिवशी, आणि तोवर तो इतका वाळला होता की दोन खेपांऐवजी एकाच ट्रॅक्टरमध्ये मावला.