खुर्ची वाजलेला टेक

पंखे बंद करा म्हटल्यावर पंधराही वादकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू वर्ध्याचा उन्हाळा मीच आणला होता. पण इलाज नव्हता. मी साउंड रेकॉर्डिस्ट आहे. पंख्याची घरघर एकदा रेकॉर्डिंगमध्ये शिरली की मागाहून निघत नाही. काढायला जावं तर व्हायोलिनचीही सालं निघतात.

बोरगाव मेघेतलं एक सभागृह आम्ही घेतलं होतं. व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि एक डबल बास असा हा चेंबर ऑर्केस्ट्रा, म्हणजे मोठ्या ऑर्केस्ट्राचं घरगुती रूप. रचना कोरी करकरीत, नागपूरच्या अनघाताईंची. समुद्रपूरच्या एका कापूस-जिनिंगवाल्या काकाजींनी ती वारलेल्या पत्नीच्या आठवणीत मुद्दाम लिहून घेतली होती. अनघाताईंकडे कुणी असं संगीत मागण्याची ही पहिलीच वेळ. रेकॉर्डिंग ऐकून काकाजी नको म्हणाले असते तर ते माझ्या हार्ड डिस्कमध्येच पडून राहिलं असतं.

काकाजी पहिल्या रांगेत बसले. बाजूच्या खोलीत स्पीकरवर ऐका म्हटलं, तर ऐकेनात. पहिला भाग संपल्यावर मला विचारलं,

"भाऊ, हे सुरू कवा होईन?"

"झालं की सुरू, काकाजी. एक भाग संपला."

"अन् चाल?"

चाल नव्हतीच. या नव्या संगीतात ती असेलच असं नाही. हळूहळू कान बसतो, असं मी सांगितलं. माझा स्वतःचाही बसला नव्हता, पण माझं काम रेकॉर्ड करायचं, पसंत करायचं नाही.

तिसरा भाग सगळ्यात नाजूक. त्यात चेलोवाले गज तारांवर इतका हलका ओढतात की सूर उमटतच नाही, नुसती हवा येते-जाते. पहिलाच टेक, म्हणजे एका दमात केलेलं रेकॉर्डिंग, अफलातून चालला होता. तेवढ्यात खुर्ची करकरली, चपला वाजल्या, दार आपटलं. काकाजी उठून गेले होते.

माईक दोनच, उंचावर लावलेले. सभागृहात जे वाजेल ते त्यात एकत्रच येतं. खुर्ची वेगळी उचलता येत नाही. वादकांनी शेवटपर्यंत वाजवलं, पण टेक गेला होता. अनघाताईंचा चेहरा उतरला. रचना नापसंत झाली हे त्यांनी धरूनच टाकलं आणि विचारायला मला पाठवलं.

काकाजी व्हरांड्यात उभे होते. मी चांगलाच चिडलो होतो, पण त्यांनीच आधी तोंड उघडलं.

"शेवटी आमच्या बाईचा श्वास असाच चालून राह्यला होता. मॅडमले कोनं सांगतलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. काकूंना शेतावर राहायला आवडायचं, एवढंच अनघाताईंना ठाऊक होतं. त्यांनी त्या भागात कपाशीतला वारा लिहिला होता. मी तसं सांगितलं. माझा राग कुठल्या कुठे गेला. मला फार वाईट वाटलं.

काकाजी व्हरांड्यात असतानाच दुसरा टेक घेतला. तो स्वच्छ निघाला, आणि जरा कोरडा. दोन्ही जोडून पाहिले, पण लय मागेपुढे झाली होती, जोड कानाला टोचत होता. शेवटी दुसराच ठेवला. काकाजींनी तो मंजूर केला. चालीचा विषय पुन्हा काढला नाही. अनघाताईंचा जीव भांड्यात पडला.

काही दिवसांनी काकाजी कॉपी घ्यायला माझ्या स्टुडिओत आले. खुर्चीवाला टेक अजून आहे का, असं त्यांनी विचारलं. आहे, पण खराब आहे, मी म्हटलं.

"तोच द्या मले," काकाजी म्हणाले. "तिच्या वेळेसबी मी असाच उठून बाहेर गेलतो. परत आलो तवा सरलं होतं."

मी पेनड्राइव्हवर दोन्ही देऊ केले. त्यांनी एकच घेतला.

तेव्हापासून बिघडलेला टेक मी क्लायंटला विचारल्याशिवाय पुसत नाही. हार्ड डिस्क भरते, पण ती बाजारात मिळते.