केशरबाईच्या खाली बनुबाई

साखर कारखान्याच्या गेटसमोर भीमाचं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणायचं आपलं. चार पत्रे, एक स्टोव्ह आणि दोन बाकडी. एका दुपारी बनुबाई नवऱ्याचा डबा घेऊन तिथवर आली आणि पत्र्याच्या मागंच थबकली. आत भीमाचं आणि त्याच्या बायकोचं लागलं होतं.

"पाळी सुटली की समदे कामगार सायकली काढत्यात," भीमा म्हणत होता. "ह्यो एकटा कारभारी हितं का बसून ऱ्हातो?"

"गानी ऐकाया," केशरबाई गाळणं आपटत म्हणाली.

"त्याच्या घरी गानी न्हाईत व्हय?"

"न्हाईत. त्याच्या घरी गानं न्हाई म्हनून तर येतो. तुमच्या चहापायी कोन येतंय?"

भीमाला चहाचं बोललेलं झोंबलं आणि भांडण साखरेवर, दुधावर गेलं. पण कारभारी म्हणजे बनुबाईचा नवरा. तिनं डबा गेटवरच्या वॉचमनकडं दिला आणि पाणीही न पिता घरी आली. येताना जे ऐकलं ते बरोबर घेऊन आली, आणि पुढं चाळीस वर्षं लोणच्याच्या बरणीसारखं झाकून ठेवलं. अधूनमधून झाकण उघडून वास घ्यायचा, पुन्हा लावायचं.

तशी बनुबाई कामाला वाघीण. श्रीगोंद्याच्या बाजारात तिनं निवडली तशी मेथी दुसऱ्या बाईनं निवडून दाखवावी. गाई तिच्या पावलांच्या आवाजानं पान्हा सोडायच्या. गळा मात्र देवानं दिला नव्हता. पोरांना झोपवताना ती अंगाई म्हणू लागली की पोरं उठून बसत. त्यामुळं केशरबाईचं ते बोलणं खोटं आहे असं तिला स्वतःशीसुद्धा म्हणता येईना, आणि तेच जास्त लागायचं.

त्यात कारभारीनं भर घातली. केशरबाई त्याला कॅसेटी द्यायची. आज एक, पुढच्या आठवड्यात दुसरी. कॅसेट घरात आली की त्या दिवशी बनुबाईचं काही ना काही बिघडायचंच. एकदा आमटी लागली, एकदा दूध नासलं, एकदा तर पोराला, ओमला, गोवर आला. हे सगळं तिनं केशरबाईच्या खात्यावर टाकलं. पुढं कारखान्याचं गेट दुसरीकडं गेलं, हॉटेल बसलं, भीमा वारला, आणि केशरबाई लेकीच्या गावाला, राहात्याला निघाली. जाताना उरलेल्या कॅसेटींचं अख्खं खोकं कारभारीच्या सायकलला बांधून गेली. बनुबाईनं त्या बाईचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. "ती" म्हटलं की घरात सगळ्यांना कळायचं.

कारभारी रिटायर झाला. सुप्याच्या कंपनीत जाणाऱ्या ओमनं त्याचा जुना लॅपटॉप बापाला दिला, तालुक्याच्या एका दुकानदारानं सगळ्या कॅसेटी त्यात भरून दिल्या, आणि म्हाताऱ्याला नवा उद्योग लागला. गाणी लॅपटॉपमध्ये आली खरी, पण ती वाजवायला आणि नीट लावून ठेवायला प्लेअर लागतो, आणि प्लेअर म्हणे ढिगानं असतात. बारावी झालेली सून पूजा एकेक नेटवरून उतरवून द्यायची आणि कारभारी बैल पारखावा तसा पारखायचा.

पहिला दिसायला साधा. कुठलंही गाणं दिलं की वाजवायचा, पण बंद केला की काल काय वाजवलं ते आज त्याला आठवायचं नाही. "ह्यो इसरभोळा हाय," म्हणून कारभारीनं तो काढायला लावला. दुसरा देखणा होता. त्यात प्रत्येक गाण्याला चित्र लागायचं. कारभारीच्या गाण्यांना चित्रं कुठली? पडदाभर नुसते करडे चौकोन, फरशी बसवल्यागत. तोही गेला. तिसऱ्यात डाव्या अंगाला माणसांची नावं आणि उजव्या अंगाला त्यांची गाणी. शिवाय कुणाची जास्त, कुणाची कमी, त्याप्रमाणं नावं वरखाली लावायची सोय.

"ह्यो घरात ठिवन्यासारखा हाय," कारभारी म्हणाला, आणि महिनाभर बसून एका बोटानं नावं भरली.

आता त्यानं काय केलं बघा. डाव्या अंगाला नाव हवं होतं गाणाऱ्याचं. पूजानं तसं सांगितलंही. पण आपल्याकडं लग्नातल्या भांड्यांवर नाव कोरतात ते देणाऱ्याचं. तांब्या घडवणाऱ्या कासाराचं नाव तांब्यावर कुणी पाहिलंय? कारभारीनं गाण्यांनाही तोच न्याय लावला. नाताळच्या गाण्यांवर नाव शमुवेल मास्तरांचं, कारण चर्चमधली ती गाणी मास्तरांनी स्वतः टेप करून दिली होती. भजनांवर ती आणून देणाऱ्या सहादेवचं. आणि सिनेमाची सगळी जुनी गाणी, मोठमोठ्या गायकांची, गेली केशरबाईच्या नावावर. जिनं जन्मात एक ओळ म्हटली नव्हती ती बाई अशी शेकडो गाण्यांची मालकीण झाली, आणि तिचं नाव सगळ्यांत वर जाऊन बसलं.

बनुबाईला अक्षरओळख जेमतेम, पण तेवढं नाव तिला लांबून वाचता आलं. रोज सकाळी झाकण उघडलं की ती वर. दुपारी ती वर. ओमनं एका रविवारी लॅपटॉप टीव्हीला जोडला, तर ती टीव्हीवर, वीतभर उंच.

"एवडी गानी तिनं दिली?" बनुबाईनं भाकरी थापता थापता विचारलं.

"दिली की. लई मोठं मन बाईचं," कारभारी म्हणाला. पुरुषाला कुठं थांबावं हे कळत नाही.

"आन माजं नाव कुटं हाय त्यात?"

"तू कवा गानं दिलं?" त्यानं खरंच आठवून पाहिलं. "तू भाकरी दिली."

त्या दिवशीची भाकरी करपली. मुद्दाम नव्हे, पण तिनं ती ताटातून परतही घेतली नाही.

पुढच्या बाजारच्या दिवशी कारभारी श्रीगोंद्याला गेला तशी बनुबाई सुनेजवळ येऊन बसली.

"पूजा, गानं खरं कोनी म्हनलंय, ते ह्या लॅपटॉपला कळतं का गं?"

"ह्यातल्याला नाही कळत, आत्या. पण अजून एक प्लेअर आहे. तो गाणं ऐकतो आणि नेटवरून गाणाऱ्याचं खरं नाव स्वतःच भरतो."

"खोटी नावं पुसून?"

"पुसून."

"मग त्योच घ्यायाचा. मामा येईस्तोवर कर. त्येंनाबी बरं वाटंल."

पूजाला वाटलं, आत्यांना मामांचा किती जिव्हाळा. तिनं नवा प्लेअर उतरवला, विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला हो म्हटलं, आणि तो कामाला लागला. बनुबाई समोर मांडी घालून बसली. डाव्या अंगाला केशरबाईच्या नावापुढचा आकडा उतरू लागला. टाकीतलं पाणी उतरावं तसा. शेवटी नावच गेलं. बनुबाईनं उठून चहा ठेवला, आणि त्यात साखर जरा जास्तच टाकली.

कारभारी आला, पिशवी ठेवली, हातपाय धुऊन लॅपटॉपपुढं बसला. नाताळ तोंडावर आला होता, आणि शमुवेल मास्तर गेल्यापासून दर नाताळात तो मास्तरांची गाणी लावायचा. डाव्या अंगाला शमुवेल नव्हते. सहादेव नव्हता. मोठमोठे गायक होते, कारभारीशी कधी न बोललेले, आणि खाली 'अज्ञात' नावाचा एक भला मोठा ढीग होता. नेटवाल्यांना मास्तर कोण हे काय माहीत? ज्यांना नेट ओळखत नव्हतं ती सगळी माणसं त्या ढिगात एकमेकांवर पडली होती.

पूजा घाबरली. जुना प्लेअर पुन्हा लावून पाहिला, तरी तेच. नावं प्लेअरमध्ये नसतात, गाण्याच्या पोटात असतात, आणि पोटातलीच बदलली होती.

"कोनी सांगितलं करायला?" कारभारीनं विचारलं.

"म्या," बनुबाई म्हणाली. "खरी नावं नगं व्हय? गानारं मानूस ऱ्हायलं बाजूला, आन नाव भलत्याचंच."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "गानारं मानूस कवा माज्या दारात आल्तं?" एवढंच तो म्हणाला. "देनारी मानसं आल्ती. त्यातली निम्मी मेली. तेवडीच नावं हुती त्येंची माज्याकडं."

त्यानं झाकण लावलं. त्या दिवशी लावलं ते उघडेचना. सकाळी गोठ्यात जायचा, दुपारी ओट्यावर बसायचा. घरात भांड्यांचा आवाज तेवढा यायचा. बनुबाईला हवं होतं तसंच झालं होतं, केशरबाई घरातून गेली होती. पण आता घरी खरोखरच गाणं नव्हतं, आणि तेही हिच्या हातानं गेलं होतं. तिथं, राहात्याला बसून, काहीएक न करता, ती बाई पुन्हा जिंकली असं बनुबाईला वाटलं आणि तिला तिचा आणखीनच राग आला.

एका सकाळी तिनंच लॅपटॉप आणून नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. "लावा त्यातलं कायबी."

"काय उपेग? कोनाचं हाय त्ये मलाच आठवंना."

"लावा तर."

त्यानं लावलं. दोन ओळी झाल्या असतील, बनुबाई चुलीपासून म्हणाली, "हे तिचं."

"कशावरून?"

"मधी बाईचा आवाज बाप्यागत हुतोय, ऐका. तिच्या समद्या कॅसेटी स्टोव्हापाशी ऱ्हाऊन मऊ पडल्याल्या. हे आलं त्या दिशी आमटी लागल्ती."

कारभारीनं पुढचं लावलं.

"हेबी तिचं. दूध नासलं हुतं."

तिसऱ्याला तिनं मान हलवली. "हे न्हाई. हे सहादेवभावजींचं. शेंगा घिऊन आल्ते तवा दिलं. त्येंनी तीन कप चहा पेला." पुढचं, एका मुलीच्या आवाजातलं नाताळचं गाणं. "मास्तरांचं. मास्तर बाहेर चपला काढून आत आलं आन कुत्र्यानं एक नेली."

पूजा हातातलं काम टाकून येऊन बसली आणि नावं भरू लागली. त्या घरात गाणं देणारा जो जो आला, त्याला चहा बनुबाईनंच दिला होता. आणि केशरबाईची गाणी तर तिच्याइतकी मन लावून कुणीच ऐकली नव्हती. कारभारीनं ती आवडीनं ऐकली, म्हणून विसरला. हिनं दातओठ खाऊन ऐकली.

"आत्या, 'ती' असं नाही लिहिता येत," पूजा म्हणाली. "नाव सांगा."

"ठावं हाय की तुला."

"तसं न्हाई," कारभारी पडद्याकडं बघत म्हणाला. "देनाऱ्याचं नाव सांगावं लागतं."

बनुबाईनं परातीतलं पीठ एकसारखं केलं. मग म्हणाली, "केशरबाई." चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आणि मग दिवसभर, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, केशरबाई, केशरबाई, केशरबाई. म्हणून म्हणून जीभ सैल झाली, पण नावातला कडूपणा काही गेला नाही.

मधेच एकदा पूजा पाणी आणायला गेलेली बघून तिनं विचारलं, "तुमचं मन हुतं का तिच्यावर?"

"गान्यावर हुतं."

उत्तर तिला पटलं नाही. दुसरं मिळायचं नाही हेही कळलं. "लावा फुडचं," ती म्हणाली.

सगळं झाल्यावर तो डाव्या अंगाला माणसं दाखवणारा तिसरा प्लेअरच घरात राहिला. केशरबाई पुन्हा सगळ्यांत वर. बनुबाईनं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि सुनेला विचारलं, "एकादं गानं म्या आनून दिलं, तर माजं नाव लागंल?"

"लागेल की."

झालं. तिनं पूजाचा जुना मोबाईल मागून घेतला आणि रेकॉर्डिंगची लाल टिकली दाबायची शिकली. मग कुठं हळद असो, बारसं असो, डोहाळजेवण असो, बनुबाई हजर. बायका म्हणायला लागल्या की मोबाईल पदराखालून काढायचा. "म्हन गं रुपाली, आजून एक म्हन, लाजती कशाला," म्हणून पोरींना भरीला घालायचं, आणि स्वतःचा गळा मधे येऊ नये म्हणून तोंड गच्च मिटून बसायचं. घरी आलं की गाणं लॅपटॉपमध्ये, आणि त्यावर नाव बनुबाई. सहा महिन्यांत ती सहादेवच्या वर गेली. मास्तरांना गाठायला वर्ष लागलं. "मास्तर देवमानूस, त्येंच्या म्होरं जाताना वाईट वाटतं," म्हणाली, आणि गेली.

मग केशरबाई आणि तिच्यात कुणीच उरलं नाही, नुसतं अंतर उरलं.

गेल्या माघात बनुबाई गेली. झोपेतच गेली, कुणाला त्रास नाही. आदल्या दिवशी कॅनॉलच्या चारीपलीकडच्या वस्तीवर बारसं होतं. दुपारी ती गुडघ्याला तेल चोळून निघाली. पाळणा म्हणणारी म्हातारी दात नसलेली होती, तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतला, कारण पहिल्यांदा मधे कोंबडा आरवला. परत येताना कुणाच्या तरी टेम्पोत बसून आली. उंबऱ्यातच पदराखालचा मोबाईल काढून कारभारीच्या हातात दिला आणि तो गाणं लॅपटॉपमध्ये भरेपर्यंत खांद्यावरून वाकून बघत उभी राहिली.

"लिवलं नाव?"

"लिवलं."

"किती मागं हाय मी?"

"लई."

"बरं," बनुबाई म्हणाली. "परवा सहादेवभावजींच्या नातीची हळद हाय." आणि गाईला पाणी पाजायला गेली.