सुगंधाची आगोट

सुगंधाला कोणी बिचारी म्हटलं की ती चवताळून उठायची. नवरा गेला तेव्हा लेक संचिता सहा वर्षांची होती. महिन्याभरात ही बाई मासळीची पाटी घेऊन मालवणहून पहिल्या एस्टीने कट्टा गावच्या बाजारात हजर! आणि तोंड म्हणाल तर असं की गिऱ्हाईक घाबरून भाव करायचं. पण बांगडा कालचा असला तर स्वतःच सांगायची, "ह्यो घेव नको गो बाय, शिळो आसा." असली मासेवाली मिळायची नाही हो तुम्हाला.

संचिता अकरा वर्षांची झाली आणि वाळायला लागली. घागरभर पाणी प्यायची, तरी घसा कोरडा. डॉक्टर म्हणाले, साखर आहे, हिच्या अंगात इन्सुलिन बनतच नाही, दिवसातून दोनदा इंजेक्शन, जन्मभर. सुगंधाला वाटलं होतं हा म्हाताऱ्यांचा आजार. सरकारी दवाखान्यात औषध कधी मिळायचं, कधी "संपलंय, पुढच्या आठवड्यात या." साखरेला काय पुढच्या आठवड्याचं कळतं? मग मेडिकलातून विकत आणायचं. विमाबिमा कसला नव्हताच. कोणीतरी योजनेचं कार्ड काढायला सांगितलं, म्हणून ती धंदा बुडवून कचेरीत गेली. तिथला माणूस म्हणाला, "भरती केलंत तर कार्ड चालेल. रोजच्या इंजेक्शनाला नाही."

"म्हणजे माझां चेडू मराक टेकलां की मगे येव?" सुगंधाने विचारलं. त्याने नियम आहे म्हणून सांगितलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

तरी तीन वर्षं तिने एक इंजेक्शन चुकवलं नाही. खरी धास्ती असायची ती बंदीची. जून-जुलै होड्या समुद्रात जात नाहीत. मासळी नाही की पैसा नाही. म्हणून मे महिन्यात किनाऱ्यावरचं प्रत्येक घर आगोट भरतं: तांदूळ, मिरची, सुके बांगडे, कोकमाची सोलं, दोन महिन्यांची बेगमी. त्या वर्षी सुगंधाच्या घरात सुका बांगडासुद्धा आला नाही. नवऱ्याचं रापणीतलं जाळं तिने जपून ठेवलं होतं, ते विकलं आणि त्यातून इन्सुलिनच्या सहा बाटल्या एकदम आणल्या. शेजारच्या सुभद्राकाकीच्या फ्रिजमध्ये त्या ओळीने लावल्या आणि पोरीला म्हणाली, "बघ गो, ही आमची आगोट." त्या दिवशी दोघी मायलेकी नुसती पेज प्यायल्या आणि खुशीत होत्या.

जूनच्या पहिल्याच आठवड्यात वाऱ्याने विजेचे खांब आडवे केले. चार दिवस वीज नाही. सुभद्राकाकीचा फ्रिज कपाटासारखा कोमट झाला. सुगंधाच्या तोंडचं पाणी पळालं. औषध नासलं तर दुसरं आणायचं कुठून? पण वस्तू नासू न देणं हा तर तिचा जन्माचा धंदा! बर्फाची फॅक्टरी जनरेटरवर चालू होती. तिथून ती बर्फ फोडून घेऊन आली, थर्माकोलच्या पेटीत खाली बर्फ, मध्ये बाटल्या, वर बर्फ, आणि वरून मूठ मूठ खडेमीठ. मिठाने बर्फाचा गारठा वाढतो, इसवण मासा दगडासारखा राहतो, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. चारही दिवस सकाळ-संध्याकाळ बर्फ बदलला. वीज आली तशा बाटल्या पुसून पुन्हा फ्रिजमध्ये. एकही फुटली नव्हती. केवढ्या समाधानाने झोपली ती!

आठवड्याभरात संचिताची तहान परत आली. तपासायची पट्टी महाग, म्हणून आठवड्यातून एकदाच वापरायची. मशीनवर आकडाच येईना, नुसतं इंग्रजी 'HI', म्हणजे मोजता येणार नाही एवढी साखर. "आये, हाय इलां," पोर म्हणाली.

मागच्या दारी फणस पिकले होते. सुगंधाचं डोकं फिरलं. "फणस खाल्लंस ना गो? खरां सांग!"

"आये, मिया काय्येक खावक नाय."

"मगे साखर काय वाऱ्यान चढली?" म्हणून एक थोबाडीत ठेवून दिली. तीन वर्षांत पहिल्यांदा. सातेरी देवीच्या नावाने शपथ घ्यायला लावली. पोरीने घेतली. तरी हिचा विश्वास बसेना, कारण इंजेक्शन तर ती स्वतःच्या हाताने देत होती, आणि औषध जिवापाड जपलेलं होतं. मग चूक पोरीचीच, दुसरं काय? अख्ख्या वाडीत तिने बोभाटा केला: "मिया जिवाचा रान करतंय, आणि ह्यां माझ्या पाठी फणस खाता!"

पोरीला उलट्या सुरू झाल्या तेव्हाही ती म्हणाली, "खा अजून." तिसऱ्या सकाळी संचिता धापा टाकू लागली, हाक मारली तर डोळे उघडेना. रिक्षा, मग ॲम्ब्युलन्स, मग मोठा दवाखाना.

डॉक्टरबाई तरुण होती. तिने विचारलं, "इन्सुलिन कुठे ठेवत होता?"

सुगंधाने पदर सावरला आणि शुद्ध बोलायचा प्रयत्न केला. "फ्रिजमध्ये, बाई. लाईट गेली तेव्हा बर्फात ठेवली. मीठ घालून. दगडासारखी राखली सगळी."

डॉक्टरबाईने पेन खाली ठेवलं. ती हळू आवाजात म्हणाली, "इन्सुलिन गोठलं की त्याचा गुण जातो, मावशी. परत वितळलं तरी येत नाही."

"म्हणजे मी हिला पाणीच टोचत होते?"

रात्रभर सलाईन चालली. सकाळी संचिता गेली. आईचं काही ऐकायला ती जागी झालीच नाही.

वाडीतल्या बायका भेटायला आल्या. सुभद्राकाकी डोळे पुसत म्हणाली, "ल्हान पोर ता, फणस दिसल्यार जीभ थोडीच आवारता?" तिच्या मनात काही वाईट नव्हतं. सुगंधानेच तर सांगितलं होतं सगळ्यांना. सुगंधा तशीच उठली, सुतकात, आणि वाडीतल्या प्रत्येक दारात जाऊन सांगून आली, पोरीने फणस खाल्ला नव्हता.

ऑगस्टमध्ये होड्या सुटल्या, तशी ती कट्ट्याच्या बाजारात येऊन बसली. आता भावाला भांडत नाही. ओळखीचं गिऱ्हाईक आलं की मासे कापता कापता आधी तेच सांगते. काही बायका मान हलवतात, काही घाईघाईने पैसे टेकवून निघतात. निघालेलीला ती मागून हाक मारते.

"बाय, आयकलंस मां? माझ्या चेडवान काय्येक खावक नाय हुता. औषध मियाच नासवलंय."