विलासच्या मनगटावर माझं घड्याळ

विलासचं हृदय बिघडलंय, हे तो जाण्याच्या दोन आठवडे आधी मला कळलं होतं.

मी कोणालाच सांगितलं नाही. विलासलाही नाही.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

ग्रुपमधल्यांना आपलं शंभर दिवसांचं चॅलेंज आठवत असेल. रोज पाच किलोमीटर, एकही खाडा नाही. मी हौसेनं स्मार्टवॉच घेतलं, दोन आठवडे बरा पळालो, मग पहाटे उठायचं जिवावर यायला लागलं.

विलास आमच्या मागच्या गल्लीत राहायचा. धुळ्यात छोटं गॅरेज, पायात कॅनव्हासचे बूट, आणि तरी आपल्या सगळ्यांच्या पुढे. वॉच नव्हतं म्हणून चॅलेंजमध्ये त्याचं नावच नव्हतं.

त्यालाच माझी दया आली.

"तू झोप रे राजू. मी रोज पयसच ना. तुनं घड्याय मना हातमा राह्यनं ते काय बिघडनं?"

मग मी वॉच दुधाच्या पिशवीत घालून गेटला अडकवायला लागलो. विलास ते बांधून पळून यायचा आणि दूधवाला यायच्या आत परत पिशवीत ठेवून जायचा.

लीडरबोर्डवर मी वर वर चढत होतो. तुम्ही अंगठे देत होतात.

एक्याण्णवाव्या दिवशी ॲपवर लाल वॉर्निंग आली. ठोके अनियमित, डॉक्टरांना दाखवा. आठवड्यातली तिसरी.

माझी तंतरली. मला वाटलं, गेलो आपण. ऑफिसातून थेट डॉक्टरांकडे पळालो. ते आपल्याच ग्रुपमधले.

ईसीजी एकदम क्लिअर.

डॉक्टरांनी माझा फोन नीट पाहिला. "तिन्ही वॉर्निंग पहाटेच्या आहेत. पळताना छातीत काही होतं का?"

पहाटे मी अंथरुणात असतो.

तिथंच, त्या खुर्चीत, मला सगळं कळलं. तोंड उघडायचं होतं फक्त.

"नाही सर, काहीच नाही."

"मग मशीन चुकलं असेल."

तेवढं एक वाक्य मला पुरलं. मी त्यालाच धरून बसलो.

नऊ दिवस राहिले होते हो. फक्त नऊ. विलासला सांगितलं असतं तर तो थांबला असता, आणि माझं बिंग फुटलं असतं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवर जाऊन नुसतं विचारलं, "दम लागतो का रे?"

"चाळिशी व्हई गई भो, थोडा दम ते लागसच."

हसला. मीही हसलो. आणि पुन्हा गेटला पिशवी अडकवली.

मेडल गळ्यात घातलेला माझा तो फोटो, ज्याला तुम्ही भरभरून लाइक केलंत, तो विलासनं काढलाय.

चार दिवसांनी भर दुपारी तो गॅरेजमध्ये कोसळला. दवाखान्यापर्यंतही पोचला नाही.

दहाव्याला वहिनी मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्हनं घड्याय बठ्ठं सांगस म्हने, छातीना ठोकाबी. एकदा त्यास्ना हातले बांधी देखतात ते..."

त्या हात जोडून बोलत होत्या. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, मित्र गेला म्हणून रडतोय.

वर्षभर ते वाक्य माझ्या छातीवर बसलंय. जेवण जात नाही. मेडल दोनदा कचऱ्यात टाकलं, दोनदा उचलून आणलं. ते माझं नाहीच, तर मी टाकणारा कोण?

आज विलासच्या गावी, सोनगीरला, वर्षश्राद्ध आहे. वहिनी फेसबुकवर नाहीत. तोवर कृपा करून कोणी त्यांना फोन करू नका, हे माझ्याच तोंडून जाऊ द्या.

पण मी स्वतःला ओळखतो. तिथं पुन्हा मान खाली घालीन, जेवीन आणि निघून येईन. म्हणून आधी इथं लिहून टाकलं.

डॉक्टर, तुम्ही येणार आहात. मी न बोलता पानावर बसलो, तर मला हाताला धरून उठवा.

वहिनी, बांधलं होतं. रोज बांधलं होतं.

विलास, माफी मागायलाही तोंड नाही रे. निघतोय सोनगीरला.