शेजारणीची न सारवलेली भिंत

निजामाचं राज्य होतं तेव्हा केदारखेड्यात आमच्या समोर एक बाई एकटीच राहायची. बोलायची कमी, आणि बोलता बोलता मान वळवून आपल्या भिंतीकडं बघायची. त्या मातीच्या भिंतीला बोट जाईल एवढी भोकं होती. एकेका भोकात एकेक माशी, मधमाशीसारखी, पण निळ्या पट्ट्यांची. पोळं नाही, मध नाही. उकिरड्यावरच्या तरोट्याच्या पिवळ्या फुलांवर जायची आणि आपल्याच भोकात परतायची. बाई तासन् तास तेच बघत बसायची.

दसऱ्याआधी गल्लीतल्या आम्ही बाया मिळून एकेकीचं घर सारवायचो. तिला वर्षभरात तेवढीच काय ती सोबत. एका साली आम्ही शेणमातीच्या पाट्या घेऊन तिच्या दारात गेलो, तर ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"इथं न्हाई. आत त्यांची पिल्लं हायेत."

"माशांची बाळंतपणं करून राह्यली का गं?" माझी जाऊ म्हणाली.

सगळ्या हसल्या. ती जागची हलली नाही. आम्ही पाट्या उचलून पुढच्या घरी गेलो. पुढच्या दसऱ्याला तिला कुणीच बोलावलं नाही.

मी तिला विचारलं, "एकेकट्या राहणाऱ्या माशा त्या. त्यांच्यापायी बायांना तोडलं?"

"एकेकट्या हायेत, पण एका भिंतीत हायेत."

मला माशांचं कौतुक नाही, चावतात. पण पुढच्या पावसाळ्यात माझ्या दारातला तरोटा मी उपटला नाही. फुलं आली तशा माशा आल्या. मागोमाग तीही आली आणि माझ्या ओट्यावर टेकली.