राजाला विष कोणी दिलं?

श्रीकांतचा फोन आला तेव्हा मी आल्मेरेच्या स्टेशनाबाहेर सायकलचं कुलूप काढत होते. "शुभा गेली गं," एवढंच तो म्हणाला. आणि लाज वाटते, तरी सांगते... माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता राजाला विष कोणी दिलं ते मला कधीच कळणार नाही. रडू त्यानंतर आलं.

शुभा माझी शेजारीण, श्रीकांत तिचा नवरा. दोघी नवऱ्यांच्या नोकऱ्यांमागून इथे परदेशात आलेल्या. बुधवारी शाळा लवकर सुटायची, म्हणून मुलं तिच्या अंगणात आणि आम्ही तिच्या स्वयंपाकघरात. पुढे मुलं मोठी झाली, आम्हालाही कामं मिळाली, बुधवारची संध्याकाळ मात्र आम्ही सोडली नाही. पोळ्या लाटता लाटता ती गोष्ट रचायची. यादवांच्या काळातला एक राजा, तिनेच घडवलेला; भर मेजवानीत त्याच्यावर विषप्रयोग होतो. कागदावर एक अक्षर नाही. मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या हाच तिचा दरबार! हळद राजा, मोहरी धाकटी राणी, जिरं प्रधान, मेथी राजवैद्य, धणेपूड म्हातारी दाई. ज्याच्यावरचा संशय फिटला त्याची वाटी परत डब्यात. मी मध्ये मध्ये इतकी तोंड घालायचे की ती लाटणं उगारायची. राजा लगेच मरत नाही. पेला कोणी दिला हे त्याला ठाऊक असतं, पण तो सांगू लागला की दाई म्हणते, "बोलू नका महाराज, त्रास होईल." आणि तो न सांगताच जातो. "कसली बावळट बाई आहे ही!" मी ओरडले होते. शुभा म्हणाली, "अगं, जीव आहे तिचा त्याच्यावर."

ती दवाखान्यात गेली तेव्हा डब्याबाहेर दोनच वाट्या उरल्या होत्या, मोहरी आणि मेथी. शेवटच्या भेटीत तिनं मला जवळ बोलावलं. "ऐक, शेवट सांगते." मी तिचा हात दाबला. "आत्ता काही बोलू नकोस, दमशील. घरी आलीस की सांग." ती माझ्याकडे बघत राहिली, मग किंचित हसली. "धणेपूड," म्हणाली आणि डोळे मिटले. मला वाटलं, औषधाची गुंगी. खाली येऊन सायकलवर बसले तेव्हा लक्षात आलं, ती मलाच दाई म्हणाली होती. तरी मी वर गेले नाही. उद्या येईन, म्हटलं...

तिच्या दमण्याचं निमित्त होतं, खरी भीती माझी होती. गोष्ट संपली तर तीही संपेल, असं काहीतरी खुळं डोक्यात होतं. तिला बिचारीला केवढ्या हौसेनं शेवट सांगायचा होता, आणि मी तिला गप्प केलं. ही बोचणी आता जायची नाही.

श्रीकांतलाही शेवट ठाऊक नाही. पुढे एकदा त्यानं डबा आणून दिला, वाट्या घासूनपुसून, सगळ्या जागच्या जागी. "तुझ्याकडेच राहू दे," म्हणाला.

वाट्या मी पुन्हा भरल्या. दर बुधवारी मोहरी आणि मेथी बाहेर काढून ओट्यावर ठेवते. कणीक मळते, पोळ्या लाटते... आणि शेवटची पोळी होईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढत नाही.