आरशासमोर बसलेलं पत्र

टाचणीबाई बोलत नाहीत असं मुळीच नाही. त्यांच्या तोंडात टाचण्या असतात, एवढंच. ओठांच्या कोपऱ्यात चार-पाच टाचण्या धरून त्या गिऱ्हाइकाच्या कपड्याची उंची ठरवतात आणि त्याच तोंडाने ‘हं’, ‘उंहूं’ आणि ‘वळा’ एवढ्यावर अख्खा दिवस काढतात. आमच्या इमारतीत सगळ्यांना ही भाषा येते. पण टाचण्या तोंडातून निघाल्या आणि उशीत खोचल्या गेल्या की समजायचं, आता आपण गप्प बसायचं. मी लोकांना गाडी चालवायला शिकवतो, म्हणजे दिवसभर ‘ब्रेक! ब्रेक!’ म्हणून ओरडण्यावरच माझं पोट आहे. पण त्या टाचण्या निघाल्या की माझ्याही तोंडाला कुलूप लागतं.

त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर, माझ्या समोरच. मोठ्या खिडकीशी शिवणाचं मशीन, बाजूला कापायचं टेबल, भिंतीला टेकून एक उंच आरसा आणि पलीकडे पलंगावर त्यांचे सासरे. सासऱ्यांचे डोळे पार गेलेत. कान मात्र असे तिखट की जिन्यात कोण कुरकुरलं हेही त्यांना कळतं. नवरा गेला तेव्हा नातेवाइकांनी बाईंना सुचवलं होतं की म्हाताऱ्यांना कुठेतरी ठेवा आणि मोकळ्या व्हा. बाईंनी त्या नातेवाइकांचे कपडे शिवणंच बंद केलं.

म्हातारबाबा त्या खोलीत हाताने बघतात. पलंगाची कड, मग कपाट, मग टेबलाचा कोपरा, मग नळ. कोणाचा आधार लागत नाही. म्हणून बाई खुर्चीसुद्धा बोटभर इकडची तिकडे करत नाहीत, आणि गिऱ्हाइकाने केलीच तर तिथल्या तिथे त्याची हजेरी घेतात. “दुसऱ्या घरात नेलंत तर मी पलंगाला चिकटलो म्हणून समजा,” असं म्हातारबाबा हसत हसत म्हणायचे. ऐकणाऱ्याला काही हसू यायचं नाही.

तर आमच्या गच्चीवरची टाकी फुटली. पाणी भिंतीतून उतरू लागलं, जिन्यावर शेवाळ आलं आणि बाईंच्या छतातून आरशाच्या अलीकडे थेंब पडायला लागले. तिथे त्यांनी बादली ठेवली. मालकांना सांगून सांगून आमच्या नाकी नऊ आले. ते म्हणायचे, ‘बघू’. शेवटी खालची नर्सबाई जिन्यात घसरून पडली तेव्हा आम्ही पालिकेत लेखी तक्रार केली. साहेब आले, त्यांनी टाकी पाहिली आणि मालकांना दुरुस्तीचा हुकूम देऊन गेले. त्याच आठवड्यात आमच्या हातात नोटिसा पडल्या. ‘इमारतीच्या देखभालीचा खर्च वाढल्यामुळे’ भाडं दीडपट! कसली देखभाल? जिन्यातला दिवा बदलायचा तरी मी स्वतःच्या खिशातून बदलतो. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की त्या दिवशी मी तीन शिकाऊ लोकांना विनाकारण झापलं.

मी कसंही निभावलं असतं. पण बाईंना ते भाडं परवडणं शक्यच नव्हतं. भाडं वाढलं की खोली सुटणार, आणि खोली सुटली की म्हातारबाबांचे हात भिंतच शोधत बसणार, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं.

उत्तर लिहायचं ठरलं आणि ते काम मी आपण होऊन अंगावर घेतलं. दोन्ही बाजूंनी कागद भरून काढला. त्यात ‘रक्तपिपासू’ होतं, ‘नराधम’ होतं, ‘आम्ही तुम्हाला पळता भुई थोडी करू’ हेही होतं. संध्याकाळी बाईंच्या खोलीत सगळे जमले तेव्हा मी तो कागद मोठ्या ऐटीत त्यांच्यासमोर धरला.

बाईंनी टाचण्या काढल्या.

“आरशासमोर उभे राहा आणि वाचा.”

हा त्यांच्या कामाचा नियम. कच्ची शिलाई घातलेला कपडा अंगावर चढवायचा, आरशासमोर उभं राहायचं, वाकायचं, बसायचं, हात वर करायचा. कुठे ओढतोय, कुठे फुगतोय ते बघायचं. त्याशिवाय पक्की शिलाई नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो. पत्राला हा नियम लागू होतो हे मला नवीन होतं. पण उभा राहिलो. वाचू लागलो. समोर आरशात बनियन घातलेला एक पोट सुटलेला माणूस बोट उगारून स्वतःलाच नराधम म्हणत होता. ‘रक्तपिपासू जळू’पाशी नर्सबाई फिस्सकन हसली आणि मी कागद खाली केला.

“हे उसवा,” बाई म्हणाल्या.

“सगळं?”

“जे स्वतःच्या तोंडाकडे बघून म्हणता येत नाही, ते सगळं.”

मग एकेक जण आरशासमोर उभा राहिला. नर्सबाईंनी मला आग्रहाने घालायला लावलेलं, मालकाच्या मुलाच्या लग्नातल्या मानापमानाचं वाक्य स्वतःच खोडलं. उरलं ते इतकंच: टाकी फुटली, आम्ही तक्रार केली, साहेबांनी हुकूम दिला, लगेच भाडं वाढवलं. हे सूड म्हणून केलंय, त्यामुळे मान्य नाही. आम्ही जुनंच भाडं वेळेवर भरत राहू. टाकी दुरुस्त करा आणि लेखी उत्तर द्या.

“एवढंच? हे तर अगदी हडकुळं झालं,” मी कुरकुरलो.

“मापात आलं. पण एक तुकडा कमी आहे,” असं म्हणून बाईंनी दाराकडे पाहिलं.

दारात तळमजल्यावरचे घड्याळकाका उभे होते. घड्याळं दुरुस्त करतात आणि भांडणापासून चार हात लांब राहतात. तक्रारीच्या वेळी ते मूग गिळून बसले होते. ते घाबरून म्हणाले, “बाई, मला यात ओढू नका. माझं दुकान आणि घर दोन्ही इथेच.”

“ओढत नाही. तुम्हाला नोटीस आली?”

“नाही.”

“तक्रारीवर सही होती?”

“नव्हती.”

“मग एवढंच आरशासमोर म्हणून बघा. बसलं तर शिवू. नाही बसलं तर तुम्ही घरी जा, मी उद्याही तुम्हाला काकाच म्हणेन.”

काका उभे राहिले. आधी चष्मा पुसला. मग पुटपुटले, “मी तक्रारीवर सही केली नव्हती. माझं भाडं वाढलं नाही. ज्यांनी सही केली, त्या सगळ्यांचं वाढलं.”

“ऐकू आलं नाही हो!” पलंगावरून म्हातारबाबा ओरडले. त्यांना ऐकू आलं नाही यावर माझा आजही विश्वास नाही.

काकांनी पुन्हा म्हटलं, आणि या वेळी इतकं खणखणीत की ते स्वतःच दचकले. मग म्हणाले, “पेन द्या.” मला त्या क्षणी त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली, आणि मी मारलीसुद्धा.

पत्राची एक प्रत मालकांना गेली, एक पालिकेला. काही दिवसांनी मालक थेट बाईंच्या खोलीत आले. मी तिथेच शर्टाची कॉलर उलटून घ्यायला बसलो होतो. मालकांनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं आणि आवाजात साखर घोळून म्हणाले, “बाई, बाकीच्यांचं सोडा. तुमच्या घरात म्हातारं माणूस आहे. तुम्ही नाव मागे घ्या, तुमचं भाडं मी जुनंच ठेवतो.”

त्यांनी होकार दिला असता तर मी त्यांना कोणत्या तोंडाने दोष देणार होतो?

“उंहूं,” टाचण्यांमधून आवाज आला.

“विचार करा.”

बाईंनी टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. “तुमची नोटीस घ्या ही. आरशासमोर उभं राहून मोठ्याने वाचा.”

“वाचतो की! मी काय कोणाला घाबरतो?” मालक ताठ उभे राहिले. “इमारतीच्या देखभालीचा खर्च...”

टप. बादलीत थेंब पडला. आरशात मालक दिसत होते आणि त्यांच्या पायाशी बादली. त्यांनी घसा खाकरला, पुन्हा सुरुवात केली. “इमारतीच्या देखभालीचा...” टप.

एवढ्यात म्हातारबाबा नळाकडे निघाले. पलंगाची कड, कपाट, टेबलाचा कोपरा, आणि मग त्यांचा हात मालकांच्या पोटावर पडला. त्यांनी ते नीट चाचपून पाहिलं.

“सूनबाई, वाटेत हे काय ठेवलंय? काल तर नव्हतं.”

“ठेवलेलं नाही, बाबा. मालक आहेत. निघालेत.”

मालक बाजूला झाले. म्हातारबाबा बादलीला वळसा घालून नळापाशी गेले. परत वळेपर्यंत खोलीत आम्ही तिघंच होतो.

भाडेवाढ मागे घेतल्याचं पत्र सगळ्यांना आलं. पालिकेचे साहेब पुन्हा येऊन गेल्यावर टाकीही नवी बसली. टाकी बसवणारा माणूस बाईंचं छत बघायला आला आणि जाताना म्हणाला, “आता एक थेंब गळणार नाही, बाई. ही बादली उचला.”

बाईंच्या तोंडात टाचण्या होत्या. “उंहूं.”

तो माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला म्हातारबाबा दाखवले. ते पलंगावरून उठले होते. कड, कपाट, टेबलाचा कोपरा करत आले, पायाने बादलीची कड चाचपली आणि तिथून बरोबर नळाकडे वळले.